गोरमाटी बोलणारा माणूस सरकारी कागदावर हिंदी भाषिक कसा झाला?

जिंतूरच्या डोंगरातल्या एखाद्या तांड्यावरची सत्तरीतली बाई डोळ्यासमोर आणा. घरात नातवंडांशी ती गोरमाटी बोलते. बाजारात, दवाखान्यात, तलाठ्याकडे मराठी बोलते. हिंदीशी तिचा संबंध टीव्हीपुरता. आता समजा २०११ च्या जनगणनेत तिनं आपली मातृभाषा ‘बंजारी’ किंवा ‘लमाणी’ अशी सांगितली. प्रगणकानं तसंच लिहून घेतलं. मग देशाच्या अंतिम तक्त्यात ही बाई कुठं बसली असेल?

हिंदीत.

थट्टा करत नाही. सरकारनं छापलेला तक्ता आहे, कुणीही बघू शकतं. म्हणून आज थोडं लांबलचक लिहितो. चहा ठेवून निवांत वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी गोरमाटी नाही. माझ्या घरात मराठीच. पण वीस वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. जिंतूर, गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांत फिरायचं म्हटलं की तांड्यावर जाणं येतंच. कधी पाण्याच्या टँकरची बातमी, कधी ऊसतोडीला गेलेल्या टोळीची, कधी बंद पडलेल्या शाळेची. तिथं कानावर पडणारी भाषा मराठीची तोडमोड आहे असं आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं. काहींना ती हिंदीची गावठी आवृत्ती वाटते. दोन्ही चूक. कशी, ते बघू.

तांडा म्हणजे चालतं गाव

आज तांडा म्हटलं की गावाबाहेरची वस्ती डोळ्यासमोर येते. मुळात तांडा म्हणजे बैलांचा चालता काफिला. पाठीवर गोण्या लादलेले शेकडो, हजारो बैल, सोबत बायका-पोरं, पुढं नायक. धान्य, मीठ, कापूस असा माल या प्रांतातून त्या प्रांतात नेणारे हे लोक. ‘वाणिज्य’वरून बंजारा आणि ‘लवण’ म्हणजे मिठावरून लमाण, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ते स्वतःला मात्र ‘गोर’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला ‘कोर’. गोरमाटी या शब्दातल्या ‘माटी’चा आपल्या मातीशी काही संबंध नाही. त्यांच्या भाषेत माटी म्हणजे माणूस. गोरमाटी म्हणजे गोर माणूस, आणि तेच नाव भाषेलाही.

राजस्थानाकडून हे तांडे दख्खनेत आले ते मोठ्या संख्येनं सतराव्या शतकात. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या आणि फौजेला लागतं धान्य. १६३० च्या सुमारास आसफखानाच्या मोहिमेबरोबर भंगी आणि जंगी या नायकांचे तांडे आले, ही आठवण समाजाच्या परंपरेत आजही सांगितली जाते. पुढं मराठे, निजाम, इंग्रज, सगळ्यांच्याच फौजांना या बैलांची गरज पडली. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ साली वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. त्या मोहिमेतल्या त्याच्या पत्रांमध्ये ‘ब्रिंजारी’ हा शब्द वारंवार येतो. तोफा कितीही असोत, बंजाऱ्यांचे बैल पोचले नाहीत तर पलटण उपाशी.

मग रेल्वे आली. मनमाडहून परभणीमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्यातली लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली. आज आपण ज्या स्टेशनवर उभं राहून गाडीची वाट बघतो, त्याच लाइननं या भागातल्या बैलांच्या वाहतुकीचा उरलासुरला धंदा बसवला. त्याआधीच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला होता. पुढं बंजाऱ्यांतल्या काही गटांवरही त्याचा फास पडला. चालणारा तांडा थांबला. डोंगराच्या कडेला, पडीक जमिनीजवळ, गावापासून अंतर राखून वस्त्या झाल्या. नाव तेच राहिलं, तांडा.

भाषा टिकण्याचं कारण या इतिहासातच आहे. तांड्याला पहिल्यापासून दोन भाषांची सवय. बाजारात ज्याचा मुलूख त्याची भाषा, तांड्यात आपली भाषा. लग्नं आपल्यातच, न्यायनिवाडा आपल्याच नसाबमध्ये, नायक आणि कारभारी आपलेच. त्यामुळं मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन मुलखांत विखुरले तरी घरातली भाषा एकच राहिली. नांदेडच्या पलीकडं तेलंगणात गेलं की तिच्यात तेलुगू शब्द भरतात, कर्नाटकात कन्नड, आपल्याकडं मराठी. पण तिचा सांगाडा तोच.

सांगाडा म्हणजे काय

भाषा कुठली हे शब्दांवरून ठरवायला गेलं की फसगत होते. शब्द उधार मिळतात. आपण मराठीत टेबल म्हणतो, म्हणून मराठी इंग्रजी होत नाही. बघायचं असतं व्याकरण आणि उच्चार.

गोरमाटीत ‘तुझं नाव काय आहे’ असं विचारायचं तर ‘तार नाम कांई छ?’ उत्तर ‘मार नाम अमुक छ.’ हा ‘छ’ पकडा. मराठीत ‘आहे’, हिंदीत ‘है’. गुजरातीत ‘छे’, जयपूरकडच्या बोलीत ‘छै’. म्हणजे वाक्याचा खुंटाच गुजरात-राजस्थानच्या बाजूला रोवलेला आहे. ‘पाणी नाही’ म्हणायचं तर ‘पाणी छेनी’. उन्हाळ्यात आमच्या इतक्या बातम्यांचं शीर्षक या दोन शब्दांत झालं असतं. ‘काय झालं?’ म्हणजे ‘कांई वेगो?’

दुसरी खूण शब्दांच्या शेवटाची. आपण काळा, मोठा, घोडा म्हणतो. हिंदीतही शेवटी ‘आ’ येतो, काला, घोड़ा. गोरमाटीत काळो, मोटो, घोडो. शेवटी ‘ओ’. गुजराती आणि राजस्थानीची हीच रीत.

तिसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या मराठी कानाला चटकन कळते. ती म्हणजे ळ आणि ण. आपण वेल आणि वेळ, मूल आणि मूळ यांत घोळ करत नाही. ल आणि ळ आपल्यासाठी दोन वेगळी अक्षरं, दोन वेगळे आवाज. प्रमाण हिंदीत ळ नाही. आपलं कमळ तिकडं कमल होतं. ण हिंदीत संस्कृतातून घेतलेल्या शब्दांत लिहितात, पण तिच्या घरच्या शब्दांत बहुतेक न येतो. आपलं पाणी तिथं पानी. आता गोरमाटी ऐका. काळो, बळद म्हणजे बैल, पाणी, कुण म्हणजे कोण. ळ ठणठणीत, ण ठणठणीत. जीभ मागं वळवून काढायचे हे दोन्ही आवाज मराठी, गुजराती, राजस्थानी या पट्ट्यातले. शेकडो वर्षं पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरलेल्या माणसांनी ते सोबत जपून आणले.

आता तुम्हीच सांगा, ज्या भाषेचा ‘आहे’ वेगळा, शब्दांचा शेवट वेगळा, आवाज वेगळे, तिला हिंदीची बोली कशी म्हणायची?

ग्रिअर्सनचं सर्वेक्षण आपल्या वेशीवर थांबलं

हे मी नव्यानं शोधलेलं नाही. जॉर्ज ग्रिअर्सन या अधिकाऱ्यानं इंग्रजी अमलात भारतातल्या भाषांचं प्रचंड मोठं सर्वेक्षण केलं. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्यानं प्रत्येक बोलीत लिहून मागवली, म्हणजे तुलना करता यावी. १९०७ साली निघालेल्या त्याच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात बंजारी किंवा लभाणी असं स्वतंत्र प्रकरण आहे. तिचं नातं त्यानं राजस्थानीशी जोडलं. पंजाब-गुजरातेतली बंजारी वेगळी काढली आणि बाकी ठिकाणच्या बंजारीसाठी नमुना म्हणून वऱ्हाडातली लभाणी घेतली.

वऱ्हाडातलीच का घेतली आणि आपल्याकडची का नाही? कारण वऱ्हाडाचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडं होता. निजामाचं हैदराबाद संस्थान ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात आलंच नाही. म्हणजे जिंतूरच्या पलीकडं लोणारला त्याचं काम होतं, अलीकडं आपल्याकडं नाही. एकाच सोयरिकीतले दोन तांडे, मध्ये संस्थानाची हद्द. एक पुस्तकात, एक बाहेर.

निजामी राज्यात कचेरीची भाषा उर्दू. १९१८ ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठी माणसाला आपल्या भाषेच्या शाळेसाठी झगडावं लागलं, हे आपण मुक्तिसंग्रामाच्या प्रत्येक भाषणात ऐकतो. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. आपली भाषा कचेरीत आली, शाळेत आली. गोरमाटी मात्र उर्दूच्या काळात बाहेर होती आणि मराठीच्या काळातही बाहेरच राहिली. आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला पाठ आहे. तसाच आपल्या शेजाऱ्यावर झालेला मात्र दिसत नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ पासून वसंतराव नाईकांचं नाव आहे. १९६३ ते १९७५ इतका काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिलेला हा माणूस पुसदजवळच्या गहुलीचा, बंजारा घरातला. विद्यापीठाच्या कमानीवर नाव आलं. घरातल्या भाषेला साधी रांगही मिळाली नाही.

आकड्यांचा खेळ

जनगणनेत भाषा कशी मोजतात, ते समजून घ्या. प्रगणक लोक सांगतील ते नाव लिहितो. २०११ ला अशी १९,५६९ वेगवेगळी नावं आली. मग कार्यालयात बसून त्यांची छाननी झाली. त्यातून १,३६९ मातृभाषा निश्चित केल्या. त्यातल्या दहा हजारांवर बोलणारे असलेल्या मातृभाषा एकमेकींत बसवून १२१ भाषांचा तक्ता केला. हिंदी या भाषेखाली जवळपास ५२ कोटी ८३ लाख लोक दाखवले आहेत. पण ‘माझी मातृभाषा हिंदी’ असं सांगणारे त्यात ३२ कोटी २२ लाख. बाकीचे भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी वगैरे. आणि त्याच यादीत दोन ओळी आहेत. लमाणी/लंबाडी, ३२ लाख ७६ हजार. बंजारी, १५ लाख ८१ हजार.

बेरीज करा. साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या वर. याच जनगणनेत कोकणी साडेबावीस लाख, डोगरी सुमारे २६ लाख, मणिपुरी साडेसतरा लाख, बोडो पंधरा लाखांच्या आत. या चारही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. कोकणी आणि डोगरी एकत्र केल्या तर जेवढी माणसं होतात, तेवढी गोरमाटीची नोंदलेलीच होतात. ज्यांनी नुसतं मराठी, कन्नड किंवा तेलुगू सांगितलं ते यात नाहीत.

एकाच भाषेच्या दोन ओळी का? कारण नावं अनेक. कुणी बंजारी सांगतं, कुणी लमाणी, लंबाडी, गोरमाटी, गोरबोली. सरकारी वहीत माणसं वाटली जातात आणि मग दोन्ही तुकडे तिसऱ्याच भाषेच्या गोणीत भरले जातात.

हे बदलता येत नाही असं नाही. मैथिलीचं उदाहरण ताजं आहे. तीही वर्षानुवर्षं हिंदीत मोजली जायची. २००३ च्या घटनादुरुस्तीनं बोडो, डोगरी, संथाली यांच्यासोबत ती आठव्या अनुसूचीत आली आणि २००१ च्या जनगणनेच्या तक्त्यात एक कोटी एकवीस लाखांवर बोलणाऱ्यांसह स्वतंत्र छापली गेली. बोलणारी माणसं तीच, घरं तीच. कोकणीला तर मराठीचीच बोली म्हणणारे आपल्यातच होते. तिला १९७५ ला साहित्य अकादमीनं मान दिला, १९८७ ला ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ ला अनुसूचीत आली. त्यामुळं मराठीचं काय कमी झालं? अनुसूचीत येऊ मागणाऱ्या ३८ भाषांची यादी केंद्राकडं पडून आहे. बंजारा भाषेचं नाव त्यात आहे.

यानं पोट भरतं का?

हा प्रश्न तांड्यावरची तरुण पोरंच विचारतात, आणि रास्त विचारतात. हातात कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, आणि मी ळ आणि छ घेऊन बसलोय.

पण बघा. सहा वर्षांचं लेकरू शाळेत येतं. त्याला येते गोरमाटी, पुस्तक मराठीत. पहिली दोन वर्षं ते गप्प बसतं. आपण म्हणतो, पोरगं मठ्ठ आहे. मठ्ठ नसतं, ते ऐकत असतं. त्यात दिवाळीनंतर घर ऊसतोडीला निघालं की शाळा सुटते. घटनेतलं ३५० अ हे कलम सांगतं की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यानं करावी. २०२० चं शैक्षणिक धोरणही शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर जोर देतं. आता या लेकराची मातृभाषा कागदावर हिंदी असेल, तर सोय कसली करणार? २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारला मागं घ्यावे लागले, तेव्हा आपण सगळे मराठीसाठी बोललो, बरोबरच बोललो. त्या गदारोळात तांड्यावरच्या पोराला त्याच्या घरची भाषा कुणी विचारली?

आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटवरून निघालेले मोर्चे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्याचा निकाल जिथं लागायचा तिथं लागेल. भाषेचं उत्तर मात्र प्रत्येकाला आपापल्या उंबऱ्यावर द्यायचं आहे.

कारण २०२७ ची जनगणना दारात आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मातृभाषेचा रकाना माणसं मोजायच्या टप्प्यात असतो. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणं मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलली ती. तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात, कुठल्या राज्यात राहता, याचा तिथं संबंध नाही. याडी ज्या भाषेत बोलली ती भाषा सांगायची.

तांड्यावर मला एक भीती नेहमी ऐकू येते. ‘साहेब, मराठी नाही सांगितलं तर आपल्याला बाहेरचं समजतील.’ ही भीती खोटी नाही, ती घालायला आपणच जबाबदार आहोत. पण गेल्या जनगणनेत मातृभाषेसोबत येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहायची वेगळी सोय होती. मातृभाषा गोरमाटी सांगून दुसऱ्या रकान्यात मराठी लिहिली, तर मराठीपण जात नाही. उलट दोन्ही खऱ्या गोष्टी खऱ्या जागी बसतात. दोन भाषा बाळगायची सवय तर तांड्याची चारशे वर्षांची आहे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे.

तांड्यावरच्या नायक, कारभारी आणि शिकलेल्या पोरांना: मोजणीच्या आधी बसा आणि नाव एकच ठरवा. कोणतं ते तुम्ही ठरवा, मी सांगणारा कोण. पण पोहरादेवीला सगळ्या राज्यांतून माणसं येतात, तिथं हा विषय निघाला पाहिजे. लिपी आपल्याकडं देवनागरी, तिकडं तेलुगू, कन्नड. म्हणून अडायचं कारण नाही. कोकणीही एकाहून जास्त लिप्यांत लिहिली जातेच.

प्रगणक म्हणून जाणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना: आडनाव राठोड, चव्हाण, पवार, जाधव दिसलं की परस्पर ‘मराठी’ लिहून पुढं जाऊ नका. विचारा, आणि सांगतील ते नाव जसंच्या तसं लिहा. पुढं दिल्लीत त्याचं काय करायचं ते करतील. निदान आपल्या जिल्ह्यातून कागद खरा जाऊ द्या.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा परभणीतही आपण पेढे वाटले. दोन हजार वर्षांचा वारसा म्हणून छाती फुगवली. आपल्याच वेशीवरचा शेजारी आपल्यासारखाच ळ म्हणतो, आणि त्याची भाषा हिंदीच्या हिशोबात जमा होते. याची थोडी तरी टोचणी लागायला हवी.

तुमच्या तांड्यावर भाषेला काय नाव आहे, ते खाली लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलंत तर अजून बरं. मी सगळं वाचतो. आणि कुणाच्या बोलण्यावर हसू नका, तेवढं पाळा.